घरच्याचं नाव

सोफेवाल्याच्या दुकानात बसायला जागा कधीच कमी पडली नाही, फक्त ती जागा कधी त्याच्या मालकीची नसायची. लोकांचे सोफे दुरुस्तीला येत, चार दिवस म्हणता म्हणता पंधरवडा राहत, आणि तेवढ्या वेळात त्यांच्यावर बसून तीन माणसं एका फुटबॉल क्लबचा कारभार चालवत. एक स्वतः सोफेवाला, दुसरा निवृत्त बसड्रायव्हर आणि तिसरे दातांचे डॉक्टर. क्लबला या कारभाराचा पत्ता नव्हता, हा भाग वेगळा. एकदा एक वकीलबाई आपला सोफा न्यायला आल्या, बसून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, नवी स्प्रिंग इतक्यातच कशी दबली?" सोफेवाला म्हणाला, "बाई, चाचणी घेतलीय." चाचणी म्हणजे बसड्रायव्हर. जन्मभर एकाच सीटवर बसलेला माणूस तो, एकदा बसला की उठायचं नाव नाही.

सोफेवाल्याचं काम बघत राहावं असं होतं. जुनं कापड उसवायचं, आतला काथ्या झटकायचा, पट्टे ताणायचे, नवं कापड चढवायचं आणि कडेकडेनं बारीक खिळे मारत जायचं. हे खिळे तो मूठभर तोंडात टाकायचा. जिभेनं एकेक पुढे आणायचा, ओठांत धरायचा, लोहचुंबकाच्या हातोडीनं अलगद उचलायचा आणि ठोकायचा. ज्या मामाकडे तो काम शिकला त्याचीही हीच पद्धत होती. बायको लग्न झाल्यापासून सांगत आली होती, "अहो, एक दिवस गिळाल." खिळा त्यानं एकही गिळला नाही. शब्द मात्र पुष्कळ गिळले. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की हा तोंडात खिळे टाकायचा आणि नुसती मान हलवायचा. "भीड ही भिकेची बहीण," बायको म्हणायची. तो त्यावरही मान हलवायचा.

क्लब होता दुसऱ्या गटातला. वर जाता जाता राहिलेला आणि खाली पडता पडता वाचलेला. मॅनेजर यायचे आणि जायचे. मॅनेजरला हाकललं की पहिल्या रविवारी दुपारी दुकानात शोकसभा भरायची. शोकसभेत रडायचं नसे. एकच काम असे, जुन्या मॅनेजरपासून सुरुवात करून प्रत्येकाच्या काळातली सगळ्यात चांगली खरेदी कोणती ते ठरवायचं. बहुमत चालायचं नाही. तिघांचेही हात वर झाले पाहिजेत, तोवर पुढचा मॅनेजर नाही. मागच्या सभेत ठरलेलं या सभेत धरायचं नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदा शटर खाली ओढायची वेळ झाली तरी ही मंडळी पहिल्याच मॅनेजरपाशी अडलेली होती, कारण बसड्रायव्हरचा हात काही केल्या वर जाईना. नंतर कळलं, त्याचा खांदा धरला होता.

खऱ्या नावानं कुणी कुणाला ओळखत नसे. मैदानावरचे प्रेक्षक माणसाला टोपणनाव देतात आणि ते आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा जास्त टिकतं. पहिला मॅनेजर टोपीवाला. त्यानं आणलेला बुटका, वाऱ्यासारखा पळणारा खेळाडू म्हणजे भिंगरी. दुसरे मॅनेजर मास्तर. त्यांनी मुनीम आणला, जो मैदानाच्या मधोमध उभा राहून प्रत्येक पास तोलूनमापून द्यायचा, आणि पाव्हणा आणला, जो मोठ्या क्लबकडून एका हंगामासाठी आला आणि जाताना कुणाला सांगूनही गेला नाही. मग आला सुटाबुटातला. त्यानं खांब आणला, गोलकीपर. खांब उंच होता आणि खांबासारखाच हलायचा नाही, तरी बॉल त्यालाच येऊन आपटायचे. मधे दोघंतिघं आले आणि गेले, त्यांची नावं शोकसभेतही कुणी नीट घेत नसे.

मास्तरांनी आणखीही एक खेळाडू घेतला होता. डाव्या बाजूला खेळणारा, शेजारच्या गावच्या लहान क्लबातून. तो सोफेवाल्याचा मुलगा.

हंगाम अर्धा सरला होता. ज्या संध्याकाळी मुलगा सही करून आला त्या संध्याकाळी बसड्रायव्हर दुकानात येऊन इतका ओरडला की समोरचा शिंपी काय जळालं ते बघायला आला. सोफेवाल्याचं काळीज सुपाएवढं झालं होतं. पण आनंद दाखवायचा कसा हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो म्हणाला, "हे बघा, उद्या शोकसभेत मी माझ्याच पोराचं नाव घ्यायला लागलो तर तुम्ही काय करणार? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं व्हायला नको. तेव्हा आत्ताच ठरवू. घरच्याचं नाव घरच्यानं घ्यायचं नाही."

डॉक्टरांनी लगेच होकार दिला. नियम करणारे आणि पाळणारे असे ते गृहस्थ होते. बसड्रायव्हर म्हणाला, "तू नको घेऊस, आम्ही घेऊ की. आमची तोंडं काय शिवलीयत?"

आणि त्यानं ते खरं केलं. हंगाम संपला, मास्तरांना घरी पाठवलं, सभा भरली. मास्तरांची पाळी आली तसा बसड्रायव्हरनं मुलाचं नाव घेतलं. शेवटच्या सामन्यात क्लब खाली पडणार होता आणि मुनीमच्या गोलानं वाचला होता. "तो बॉल कुणी दिला?" बसड्रायव्हर म्हणाला. "डावीकडून, तिघांच्या मधून, धावत्या मुनीमच्या पायात. अरे, मी बस चालवलीय, मला ठाऊक आहे अरुंद गल्लीतून काढणं म्हणजे काय असतं!" डॉक्टरांनी हात वर केला. बसड्रायव्हरचा तर वर होताच. राहिला एकच.

सोफेवाल्याला एवढं कौतुक सोसवेना. दृष्ट लागेल, लोक हसतील, पोरगं शेफारेल, हे सगळं एकदम मनात आलं. तो म्हणाला, "छे छे, काहीतरीच काय! अजून काय खेळलाय तो? मुनीम म्हणा, मुनीम." हात त्यानं मांडीवरच ठेवला. मग मुनीमच ठरला.

त्यानंतर महिनाभरात, सुटाबुटातल्याच्या सरावात, मुलाचा गुडघा गेला. दोनदा शस्त्रक्रिया झाली. पुन्हा तो त्या मैदानावर उतरला नाही. त्याला टोपणनाव मिळालं नाही, कारण टोपणनाव पडायला निदान एक अख्खा हंगाम डोळ्यांसमोर असावं लागतं.

मग शोकसभेत एक नवीनच गोष्ट सुरू झाली. मास्तरांची पाळी आली की डॉक्टर आणि बसड्रायव्हर घाईघाईनं मुनीमचं नाव घेऊन पुढे सरकत. बाप समोर बसलाय, कशाला जखमेवरची खपली काढायची, असा त्यांचा विचार. मनानं फार चांगली माणसं. सोफेवाला प्रत्येक सभेत वाट बघायचा. यंदा तरी कुणीतरी म्हणेल, यंदा तरी. त्याला स्वतःला म्हणता येत नव्हतं, नियम त्याचाच. त्यांना म्हणायचं नव्हतं, माया त्यांचीच. मास्तरांचं नाव जवळ आलं की तो मूठभर खिळे तोंडात टाकायचा आणि हातोडी उचलायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मुलगा दुसऱ्या शहरात लहान मुलांना फुटबॉल शिकवत होता. ती शाळा बंद पडली आणि तो पिशवी घेऊन घरी आला. केस कडेनं पिकायला लागलेले, पायऱ्या उतरताना कठड्याला हात. दुकानात मागच्या बाजूला बसून तो जुन्या सोफ्यांचे खिळे उपटायला लागला. काम चोख करायचा. एकही खिळा वाकवायचा नाही, सगळे डब्यात जमा करायचा. बोलायचा मात्र कामापुरतं.

तशात क्लबच्या फाटकावर एक पाटी लागली. मुलांच्या संघाला शिकवण्यासाठी क्लबचे माजी खेळाडू पाहिजेत. आईनं ती भाजी आणायला जाताना पाहिली आणि पिशवीसकट धावत घरी आली.

"अरे, ही तर तुझ्यासाठीच लावल्यासारखी पाटी! जाऊन ये ना."

मुलगा जेवत होता. "माजी खेळाडू म्हणजे कोण आई? जो लोकांच्या लक्षात असतो तो. मी जाऊन काय सांगू, मी होतो म्हणून? कुणाला आठवतंय?"

"तुझ्या बाबांना विचार."

"बाबांना काय, मी त्यांचा मुलगा आहे," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

रात्री भांडी आवरताना बायको सोफेवाल्याला म्हणाली, "बाहेरच्या कुणीतरी त्याला सांगायला हवं, की तू होतास. आपण सांगून उपयोग नाही. तुमचे ते दोघे काय नुसते चहा प्यायला आहेत?"

त्याच आठवड्यात हसऱ्याला काढून टाकलं. हसरा म्हणजे हरल्यावरही वार्ताहरांसमोर दात दाखवणारा मॅनेजर. त्याच्या दातांवर डॉक्टर सोडून कुणीच खूश नव्हतं. रविवारी शोकसभा ठरली. या खेपेला मुलगा दुकानात असणार होता. सोफेवाल्याच्या मनानं घेतलं की हीच संधी आहे. मुलगा मागे बसलेला असेल, बसड्रायव्हर त्याचं नाव घेईल, तिघांचे हात वर होतील आणि सोमवारी पोरगा फाटकावर जाईल. फक्त बसड्रायव्हरच्या कानावर घालायला हवं होतं.

शनिवारी तो त्याच्या घरी गेला. बसड्रायव्हरनं दार उघडलं. "अरे वा! आज वाट कशी चुकली?"

"सहजच."

सहजच गेलेल्या माणसाला पाणी दिलं, चहा दिला. सोफेवाल्यानं गळा साफ केला. "ते उद्याचं..."

"उद्या येणार म्हणजे येणारच! हसऱ्याची सगळ्यात चांगली खरेदी मी काढलीय शोधून. गवत कापायचं यंत्र!" आणि बसड्रायव्हर आपल्याच विनोदावर इतका हसला की खुर्ची करकरली. सोफेवाल्याची नजर सवयीनं खुर्चीखाली गेली.

"पट्टा तुटलाय तुझ्या खुर्चीचा."

"तुटलाय ना! कधीपासून म्हणतोय, तुला सांगायचं. बरं झालं बाबा, तू आपणहून आलास. मित्र असावा तर असा."

बोलायला गेलेला माणूस खुर्ची खांद्यावर घेऊन परत आला. वाटेत दोनदा ती खाली ठेवून तो उभा राहिला. परत जावं आणि एका दमात सांगून टाकावं. पण काय सांगणार? माझ्या पोराचं नाव घे, म्हणून? मागून घेतलेलं कौतुक पोराला कळलं तर? त्यानं खुर्ची उचलली आणि घर गाठलं. बायकोनं खुर्ची पाहिली, त्याचं तोंड पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं.

रविवारी दुपारी हिरव्या रेक्झीनच्या सोफ्यावर डॉक्टर बसले, बसड्रायव्हर कुणाच्या तरी दिवाणावर पसरला आणि सोफेवाला त्याच खुर्चीचं काम पुढ्यात घेऊन खाली बसला. मुलगा मागे, उलट्या केलेल्या एका सोफ्याच्या पोटात हात घालून खिळे काढत होता. आत येताना दोघांनी त्याची विचारपूस केली होती. डॉक्टरांनी तर त्याचा जबडाही लांबूनच तपासला.

टोपीवाल्याच्या काळातला भिंगरी बिनविरोध झाला. भिंगरीनं एकदा कोपऱ्यातल्या झेंड्यालाच चकवलं होतं, ही आठवण बसड्रायव्हरनं उभं राहून करून दाखवली. मग तो बसला. मास्तरांची पाळी.

सोफेवाल्यानं खिळे तोंडात टाकले. घाईत नेहमीपेक्षा जास्तच पडले.

डॉक्टरांनी एकवार मागे, मुलाच्या पाठीकडे पाहिलं. बसड्रायव्हरनं डॉक्टरांकडे पाहिलं. इतकी वर्षं नुसता बाप समोर असायचा, आज पोरगाही होता. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "मास्तरांचं राहू द्या या खेपेला. त्या काळात तसं विशेष काही नव्हतंच."

"नव्हतंच," बसड्रायव्हर म्हणाला. "सुटाबुटातला घ्या."

एका माणसाला दुखवू नये म्हणून त्यांनी अख्खी कारकीर्द पुसून टाकली, मुनीमसकट. सोफेवाल्याला ओरडावंसं वाटलं. तोंडात खिळे होते. खरं सांगायचं तर, नसते तरी तो ओरडला नसता.

मागचा खिळे उपटायचा आवाज थांबला.

"नव्हतं कसं?" मुलगा सोफ्याआडून म्हणाला. "मुनीम होता की."

दोघांच्या जिवात जीव आला. "अरे हो, मुनीम! मुनीम कसा विसरलो?" बसड्रायव्हर दिवाणावरून पुढे सरकला. "तू तर त्याच्याबरोबर होतास. ये, ये, इकडे बस. सांग ना."

मुलगा हात पुसत पुढे आला आणि डॉक्टरांशेजारी टेकला. घरी आल्यापासून तो इतकं बोललाच नव्हता. मुनीम सामन्याआधी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायचा, तेही तीनदा. कुणी चुकलं तर मैदानात काही बोलायचा नाही, बसमधे शेजारी येऊन बसायचा आणि सगळं शांतपणे समजावून सांगायचा. बोलताना मुलाचा चेहरा उजळला होता. शिकवणारा माणूस बोलतो तसा तो बोलत होता, हातांनी जागा दाखवत. दोघे लहान पोरांसारखे ऐकत होते.

"आणि तो शेवटचा गोल!" बसड्रायव्हर म्हणाला.

"तो गोल म्हणजे कमालच," मुलगा म्हणाला. "बॉल डावीकडून आला आणि मुनीमनं वरसुद्धा न बघता..."

आला नव्हता, सोफेवाल्याच्या मनात आलं. तू दिला होतास. त्यानं बसड्रायव्हरकडे पाहिलं. कुणी दिला असं ज्यानं विचारलं होतं तो हाच माणूस. बसड्रायव्हरलाही ते आठवलं असावं, कारण त्यानं नजर खाली घातली. मग मायेपोटीच, मुलाच्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवून तो म्हणाला, "तुझंही नाव घेतलं होतं रे मी एकदा. मास्तर गेल्यावरच्या पहिल्याच सभेत."

"ठाऊक आहे. मी दुकानाच्या आतल्या खोलीत बूट घालत होतो." मुलगा हसला. मनापासून हसला, त्यात काही खोच नव्हती. "बाबांचाच हात वर गेला नाही. अजून काय खेळलाय तो, म्हणाले. बरोबरच होतं ते. बाबांची नजर पक्की आहे, मुनीमच होता सगळ्यात चांगला. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

सोफेवाला घाईघाईनं तोंडातले खिळे काढायला लागला. हातावर थुंकावेत तर एक दातांमागे अडकला, एक जिभेखाली गेला. तसं नव्हतं रे, मी घाबरलो होतो, तुला दृष्ट लागेल म्हणून घाबरलो होतो, एवढंच सांगायचं होतं. पोरानं इतकी वर्षं बापाचा निकाल म्हणून ते वाक्य सांभाळून ठेवलं होतं, आणि बापाला त्याची गंधवार्ता नव्हती. डॉक्टर धंद्याच्या सवयीनं म्हणाले, "सावकाश, सावकाश. हिरडीला लागेल."

"तर मग मुनीम," बसड्रायव्हरनं हात वर केला. डॉक्टरांनी केला. मुलगा सभेचा सभासद नव्हता, पण त्यानंही केला. मग तिघंही सोफेवाल्याकडे बघायला लागले. त्याच्या मुठीत ओले खिळे होते. तीच मूठ त्यानं वर केली.

"एकमतानं!" डॉक्टर म्हणाले, आणि सभा सुटाबुटातल्याकडे वळली.

खांब झाला, गवत कापायचं यंत्रही झालं. ऊन उतरल्यावर दोघे खुशीत उठले. जाताना बसड्रायव्हर म्हणाला की पोरगा बोलला, बरं वाटलं, दर सभेला येत जा. खुर्ची तेवढी लवकर दे, जमिनीवर बसून गुडघे दुखतात. मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं आणि तो भराभर पायऱ्या उतरला.

दुकानात दोघेच उरले. मुलगा पुन्हा त्या उलट्या सोफ्यापाशी जाऊन बसला. सोफेवाला त्याच्यामागे जाऊन उभा राहिला. आता तोंडात काही नव्हतं.

"मास्तरांच्या काळातली सगळ्यात चांगली खरेदी," तो म्हणाला, आणि पुढे मुलाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, सहीवर होतं तसं.

मुलाचा हात थांबला. त्यानं मान वळवली नाही. आजारी माणसाशी बोलावं तितक्या हळू आवाजात तो म्हणाला, "बाबा, घरच्याचं नाव घरच्यानं घ्यायचं नाही. नियम तुमचाच आहे."

मग त्यानं पक्कड उचलली आणि पुढचा खिळा काढला.

"उद्या सकाळी काही काम आहे का तुला?" सोफेवाल्यानं विचारलं. फाटक, पाटी, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते.

"आहे ना. ड्रायव्हरकाकांची खुर्ची द्यायचीय," मुलगा म्हणाला.